तेल न लावलेली डोकी

माणूस शिकतो कसा आणि त्याची शुद्ध म्हणजे नेमकं काय, हे शोधायचं काम आमच्या कोलकात्याच्या लॅबमध्ये चालतं. इतक्या वर्षांत शोध लागले मोजकेच, किस्से मात्र कपाटभर!

*

डोक्याला तारांची टोपी घालतो, म्हणून आधीच सांगतो: केस धुऊन या, तेल नको. डमडमच्या एक मासीमा, म्हणजे मावशी, चपचपीत तेल थापून हजर! मी कपाळाला हात लावला.

"अरे बाबा, डोक्याची तपासणी ना? मग डोकं थंड नको?"

*

हावड्याचे एक लेथवाले दादा. स्क्रीनवर चौकोन जिथे दिसेल तिथलं बटण दाबायचं. चौकोनांचा क्रम ठरलेला असतो, पण ते सांगत नाही. हळूहळू दादांची बोटं पळायला लागली.

"काही क्रम लक्षात आला?"

"छे! सगळं उलटसुलट."

बोटं शिकलीत, हे मी त्यांना दाखवलं. ते खूश झाले. "म्हणजे शाळेत मास्तर चुकीच्या माणसाला विचारत होते!"

*

आमच्या बॉस सेनदी एकदा स्वतःच टोपी घालून पडल्या. मशीन म्हणालं, गाढ झोप. सेनदी म्हणाल्या, "जागीच होते! तुमचं सगळं ऐकलं."

"काय बोललो आम्ही?"

"तेच, नेहमीचं!"

*

लिमयेकाका बदलीवर कोलकात्यात आलेले सरकारी अधिकारी. अपघातानंतर कित्येक महिने डोळे उघडे, पण हूं की चूं नाही. काकूंचं एकच मागणं होतं, "मी बोललेलं यांना कळतं का, तेवढं सांगा."

हात हलवायचा नुसता विचार केला तरी मेंदूतली एक लाट दबते. मी मराठीत म्हटलं, "काका, मनातल्या मनात उजवी मूठ आवळा."

काही नाही. माझा धीर सुटत चालला.

काकू म्हणाल्या, "मूठ कशाला आवळतील? सही करायला सांगा. जन्मभर ऑफिसात तेच केलंय."

"काका, मनातल्या मनात सही करा."

लाट ढिम्म!

"न वाचता? उभ्या जन्मात केली नाही यांनी!"

हाताशी कागद एकच होता, याच तपासणीच्या संमतीचा. काकांच्या वतीने काकूंनीच सही केलेला. मी तिन्ही पानं मोठ्याने वाचली. "काका, आता करा सही."

लाट दबली! "थांबा" म्हटलं, तशी परत उठली. पुन्हा सांगितलं, पुन्हा दबली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. सेनदी रडायला लागल्या, मलाही राहवेना.

काकू तेवढ्या शांत. त्या काकांच्या कानाशी वाकल्या.

"अहो, खाली तारीख राहिली."

लाट पुन्हा दबली.