बिअर हॉलमधलं केळवण

माझं दुसरं केळवण एका बव्हेरियन बिअर हॉलमध्ये झालं, आणि त्या दिवशी मला काहीही वाटत नव्हतं. आनंद नाही, संकोच नाही, भीतीसुद्धा नाही. पहिल्या केळवणाला पुण्यात मावशीकडे मी इतकी लाजले होते की हातातली जिलबी शेवटपर्यंत हातातच राहिली. या वेळी वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे आणि मन सपाट.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. आम्ही दोघंही डॉक्टर. इथे इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत कामाला आलो आणि मिल्टन कीन्सला घर केलं. तो गेल्यावर पहिले काही महिने मी भरपूर रडले. मग रडणं थांबलं आणि त्याबरोबर बाकीचंही थांबलं. भूक लागायची, झोप यायची, पेशंट नीट तपासले जायचे. पण मुलाचं प्रमोशन झालं तेव्हा 'अरे वा' हे नुसतं तोंडाने म्हटलं, आत काही हललं नाही. अशा बायका माझ्यासमोर खुर्चीत बसतात तेव्हा त्यांना काय सांगायचं ते मला पाठ आहे. ते सगळं स्वतःला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

रोज चालायला जा, हे त्यातलंच एक. आमच्या गावात लाल पायवाटांचं जाळं आहे आणि त्यांवर माणूस दिसत नाही, कारण जो तो गाडीत बसून राउंडअबाउटला प्रदक्षिणा घालत असतो. संध्याकाळी तिथे चालणारे आम्ही दोघंच. तो जर्मनीतल्या बव्हेरियाचा, रिटायर्ड इंजिनिअर, बायको कॅन्सरने गेलेली. आधी आम्ही हवामानावर बोलायचो, मग गुडघ्यांवर, मग गेलेल्या माणसांवर. असं वर्ष गेलं आणि एक दिवस त्याने लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार मी केलाच नाही. तो माझ्या मैत्रिणीने केला. ती मूळची सांगलीची, माझ्याच हॉस्पिटलातली, आणि नकार ऐकून घ्यायची तिला सवय नाही. "अगं, इतका decent माणूस! तुला काय आता स्वयंवर मांडायचंय? हो म्हण आणि मोकळी हो." केंब्रिजहून मुलाचा फोन. "आई, go for it. मला तुझा काळजी वाटतो गं." तो इथेच जन्मला, त्याची काळजी पुल्लिंगी आहे, मी दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलंय. दोघांनी मिळून महिनाभर लावून धरलं आणि शेवटी माझ्या तोंडून 'बरं' निघालं. त्या 'बरं'चं इंग्रजीत 'येस' झालं आणि रजिस्ट्रारची तारीखसुद्धा मिळाली. लग्न झालं की वाटेल काहीतरी, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. नाहीच वाटलं तर एका भल्या माणसाला मी फसवलेलं असेल, हेही मला दिसत होतं.

केळवण म्हणजे काय, हे त्याला सांगितल्यावर तो खूश झाला. लग्नाआधी जवळची माणसं हौसेने जेवायला घालतात, ही कल्पनाच त्याला आवडली. मग त्याने त्याच्या गावची गोष्ट सांगितली. तिकडे चेस्टनटच्या झाडांखाली बिअर गार्डन असतं. बिअर तिथली घ्यायची, पण जेवण खुशाल घरून आणायचं. लोक टोपल्या घेऊन येतात, टेबलावर स्वतःचं कापड अंथरतात, मुळा, चीज, पाव काढतात, आणि मालकाला त्यात काही वावगं वाटत नाही. "म्हणजे तुमचं आणि आमचं एकाच जागी करता येईल," तो म्हणाला. गाडीने अर्ध्या तासावर एक बव्हेरियन बिअर हॉल होता, मागे गार्डनही होतं. मैत्रिणीने ते शब्दशः घेतलं. शनिवारी दुपारी ती आणि तिचा नवरा डब्यांच्या दोन पिशव्या घेऊन हजर. पुरणपोळ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, श्रीखंड.

दारातच घोळदार झगा आणि एप्रन घातलेल्या मुलीने पिशव्यांकडे बघितलं. "सॉरी, बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही."

तो पुढे झाला. बव्हेरियात हा लोकांचा फार जुना हक्क आहे, हे त्याने तिला पायरीपायरीने समजावलं, पूल कसा उभा राहतो ते समजवावं तसं. ती शांतपणे ऐकत होती. मग, इथे कुणालाही 'लव्ह' म्हणतात तसं, म्हणाली, "असेल लव्ह, पण आपण आत्ता बव्हेरियात नाही ना."

त्याचे कान लाल झाले. माझ्या मैत्रिणीचा नवरा हसून हसून बेजार झाला. केंब्रिजहून आलेला माझा मुलगा पिशव्या गाडीत ठेवायला गेला. मला हसू यायला हवं होतं, एवढं मला कळलं.

आत लांबच लांब लाकडी टेबलं, पाठ नसलेली बाकं, छताला निळ्या-पांढऱ्या पताका. एका टोकाला चामड्याची अर्धी चड्डी घातलेला माणूस अकॉर्डियन वाजवत होता. आमच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी ऑफिसची मंडळी बसली होती. इथे टेबल आपलं एकट्याचं नसतं, जागा असेल तिथे कुणीही बसतं. मैत्रिणीने पर्समधून ताम्हन काढलं. निरांजन पेटवायला मनाई होणार हे तिने धरूनच ठेवलं होतं, म्हणून बॅटरीवरचा दिवा आणला होता. त्या दिव्याने तिने आम्हा दोघांना ओवाळलं, कुंकू लावलं, माझी ओटी भरली. ऑफिसवाल्यांना वाटलं वाढदिवस आहे. त्यांनी गाणं सुरू केलं, अकॉर्डियनवाल्याने सूर धरला, आणि सगळा हॉल आमच्यासाठी 'हॅपी बर्थडे' म्हणू लागला. तो कपाळावरचं कुंकू सांभाळत उभा राहिला आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. चांगला दिसत होता. हे मी एक्स-रे बघितल्यासारखं बघितलं.

मग जेवण आलं. बिअरचे लिटरभराचे ग्लास, एका हाताने उचलवेनात असे. ताटाएवढे पिळाचे पाव, वर जाड मीठ. डुकराच्या तंगडीचा भलामोठा तुकडा, त्याची कातडी पापडासारखी कुरकुरीत, शेजारी आंबवलेला कोबी आणि बटाट्याचे मुठीएवढे गोळे. मैत्रिणीचा शनिवार, म्हणून तिच्यासाठी चीजमध्ये घोळवलेल्या जाड शेवयांसारखं काहीतरी. तिच्या नवऱ्याला शनिवार वगैरे काही नव्हता. तो मन लावून खात होता.

डबे गाडीत गेले तरी केळवण ते केळवणच. मैत्रीण हातात मोठा चमचा घेऊन उठली आणि वाढायला लागली. माझ्या ताटात एक गोळा.

"पुरे गं," मी म्हटलं.

"पुरे काय? उत्सवमूर्ती ना तू?" दुसरा गोळा.

"अगं, खरंच नको."

"नको म्हणायचं असतंच. घे." ती तिसरा घालणार तोवर नवरदेवाने माझं ताट हळूच उचललं आणि आपल्या बाजूला घेतलं.

"ती नको म्हणाली," तो म्हणाला.

सगळे हसले. मैत्रिणीने त्याला इंग्रजीत समजावलं की आमच्यात पहिला नकार धरायचा नसतो, दुसराही नाही. तिसऱ्यांदा आडवा हात आला की मग बघायचं. त्याने लक्षपूर्वक ऐकलं. "पण मग," तो म्हणाला, "खरंच नको असेल तर माणसाने काय म्हणायचं?" माझा मुलगा म्हणाला, "Good point." ताट मात्र नवरदेवाने परत दिलं नाही, माझे दोन्ही गोळे त्याने स्वतः खाल्ले.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं मागच्या गार्डनमध्ये गेलो. चेस्टनटची झाडं नव्हती. कृत्रिम गवत होतं, मोठ्या छत्र्या आणि गॅसचे हीटर. तो माझ्यासमोर बसला आणि त्याने सरळ विचारलं, "तुला हे लग्न हवं आहे का? मी दुपारभर तुझ्याकडे बघतोय."

मी शोधून बघितलं. आत काही सापडलं नाही. खोटं बोलावंसं वाटत नव्हतं, एवढंच काय ते वाटलं. मी म्हटलं, "नको. मला वाटतं, नको."

त्याने मान हलवली. "ठीक आहे," तो म्हणाला. "आत्ता सांगितलंस ते बरं केलंस. आत मी सांगतो. तुला त्रास नको."

मी बसून राहिले. वाट बघत होते. कशाची, ते आधी कळलं नाही. मग कळलं की तो पुन्हा विचारेल म्हणून मी बसले आहे. अगं, नीट विचार कर, घाई नाही, असं काहीतरी. माझ्या नवऱ्याचं स्थळ आलं तेव्हाही मी नको कळवलं होतं, मला पुढे शिकायचं होतं. त्याने आठ दिवसांनी मावशीकरवी परत विचारलं, शिक्षण झाल्यावर चालेल का म्हणून. माझा सगळा संसार त्या दुसऱ्या विचारण्यावर उभा राहिला. आमच्यात पहिलं नको म्हणजे नुसतं लोटलेलं दार, कडी लावलेली नसते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी ते कधी तपासूनही बघितलं नव्हतं.

तो उठला, माझ्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली आणि आत गेला.

आत त्याने काय सांगितलं ते मला नंतर कळलं: दोघांनी मिळून ठरवलं आहे, कुणी तिला काही विचारू नका. परतताना मैत्रीण गाडीत म्हणाली, "मी बोलू का त्याच्याशी? एकदाच. तू फक्त सांग." मी म्हटलं, नको. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने माझं नको ऐकलं. मांडीवर ओटीचा नारळ होता. राउंडअबाउट आला की तो लवंडायचा, मी तो धरून ठेवत होते.

तो अजून चालायला येतो. भेटला की थांबतो, गुडघे कसे आहेत विचारतो, कधी माझ्या गल्लीपर्यंत सोबत येतो. वागण्यात कुठे राग नाही, टोमणा नाही. लग्नाचं त्याने परत कधी काढलं नाही. काढणारही नाही, तो सभ्य माणूस आहे आणि मी नको म्हणाले आहे.

गेल्या आठवड्यात थंडी फार होती. तो बोलत बोलत माझ्या दारापर्यंत आला आणि जायला वळला. त्याची वळलेली पाठ मला दिसली. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं, आणि जे वाटलं ते साधं होतं: हा माणूस मला हवा होता. मी हाक मारली. म्हटलं, "आत ये ना, चहा टाकते."

"नको, थँक यू," तो म्हणाला.

"अर्धा कप तरी."

तो थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "नाही, खरंच नको." त्याला खरंच नको होता.