पुरणपोळी खाणारा राक्षस

मुलगी आठवीत आहे. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही दोघांनी टीव्हीवर जुना परदेशी साहसपट पाहिला. त्यातला पंखवाला राक्षस झटके खात चालायचा. तो बाहुला आहे, थोडाथोडा हलवून एकेक फोटो काढलाय, असं मी तिला सांगितलं. सेकंदाला बारा फोटो धरले तरी मिनिटाला सातशेवीस. हिशोब ऐकला की माणूस गप्प बसतो, असा माझा अनुभव. ती म्हणाली, "मग आपण एकाच मिनिटाचा करू."

आमच्या दारव्ह्याच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं लाकडी बैल सजवून मारुतीच्या देवळापुढे आणतात. तिला तिथल्या भिंतीवर, सगळ्यांसमोर आपला सिनेमा दाखवायचा होता. देवळाच्या मंडळानं हो म्हटलं आणि माघारीचा रस्ता संपला.

तारेच्या सांगाड्यावर तेलात मळलेली माती थापून आमचा राक्षस म्हणून बैल केला. चार शिंगं, पाठीवर सुपासारखे पंख. नायक म्हणजे कपडे वाळवायचा चिमटा. बैल पाटावर, मोबाइल डब्यांच्या चळतीवर. ती पाय सरकवायची, मी पट्टीनं अंतर तपासून फोटो काढायचो. हसलो की पाट हलायचा, म्हणून आम्ही आळीपाळीनं अंगणात जाऊन हसून यायचो.

पोळ्याच्या संध्याकाळी शेवटची मारामारी उरली होती. बैलानं चिमट्याला शिंगावर उचललं आणि आम्ही तेलकट हात धुवायला गेलो. परत येतो तर राक्षसाच्या कपाळावर हळदकुंकू, शिंगांना झेंडू, पुढ्यात पुरणपोळी.

"आई, हे काय केलं तू?"

"पूजा केली," बायको म्हणाली. "पोळ्याच्या दिवशी बैलाले उपाशी ठेवता काय?"

"अवं, तो राक्षस हाय," मी म्हणालो.

"चार पाय हायेत, शिंगं हायेत. बैलच हाय. अन् पुजलेल्या बैलाचं कुंकू कोणी पुसत नाही, सांगून ठेवलं."

कुंकू तसंही तेलात मुरलं होतं, आणि आधीच्या सगळ्या फोटोंत कपाळ कोरं होतं. तान्हा पोळा दुसऱ्याच दिवशी. मुलीचे डोळे भरले. मी किती सेकंद वाया गेले ते मोजत बसलो, ती पोळीकडे बघत बसली. मग तिनं चिमटा शिंगावरून उतरवला, त्याच्या तोंडात पोळीचा तुकडा धरवला आणि त्याला बैलाकडे वळवलं.

"बाबा, काढा फोटो."

ताटातली पोळी प्रत्येक फोटोगणिक कमी व्हायला हवी होती. ते काम मी केलं. दुसरी पोळीही लागली. कथेला लागली, असं मी बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर मारामारी ऐन रंगात आली आणि राक्षसाच्या कपाळावर एकाएकी कुंकू उमटलं. मग जे हसू फुटलं त्यात पोरांच्या हातचे लाकडी बैल कलंडले. राक्षस पोळी खाऊन, पंख मिटून, चिमट्यामागं निमूट चालू लागला. पोरं "पुन्हा, पुन्हा" करून राह्यली होती. मुलगी पोट धरून खाली बसली होती.

बायको शेजारणीला सांगत होती, "पहिलेच जेवू घातलं असतं तर एवढी मारामारी कायले लागली असती?"

पुन्हा सिनेमा लागला तेव्हा पोरांनी आपापले बैल भिंतीकडे तोंड करून मांडले, त्यांनाही दिसावं म्हणून.