काचेवरची अक्षता

माझे आबा धुळ्याकडून सिल्वासाला आले आणि तिथल्या सायली गावातल्या एका प्लास्टिक कारखान्यात ऑपरेटर झाले. घरात पदवीधर मी पहिलाच. पुढच्या पदवीच्या प्रबंधासाठी विषय मिळाला तो असा: ढवळलेलं पाणी टाकीत नेमकं कसं फिरतं, हे लांबी, रुंदी आणि खोली धरून मोजणं. मालकांनी कारखान्यातला एक कोपरा आणि काचेची टाकी वापरायला दिली. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

पद्धत सोपी होती. पाण्यात प्लास्टिकची बारीक भुकटी सोडायची, अंधार करायचा, बाजूने फ्लॅश तीनदा उडवायचा आणि दोन कॅमेऱ्यांनी दोन कोनांतून फोटो घ्यायचा. एकाच फोटोत प्रत्येक कणाचे तीन ठिपके उमटतात. त्यांच्यातल्या अंतरावरून वेग कळतो. दोन फोटो ताडून पाहिले की खोली कळते, दोन डोळ्यांनी कळते तशीच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो घेतले आणि टाकी परत केली. फिल्म धुऊन आली. सगळ्या कणांचे तीन ठिपके होते, एकाचा मात्र एकच. पाणी फिरत होतं आणि तो उभा होता.

आबांना विचारलं, "दसऱ्याला माझ्या टाकीची पण पूजा केली होती ना?"

"तुन्हं नवं मशीन शे. त्याले कसं सोडू?"

समोरच्या काचेवर बाहेरून कुंकू आणि त्यात एक तांदूळ. मी ते पाहिलं होतं. पण दसऱ्याचं कुंकू कोणी पुसतं का?

दुसरे फोटो घ्यायला टाकी उरली नव्हती. तोंडी परीक्षेत हे फोटो नाकारले गेले, तर पदवी गेली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली. "हा कण कोणता?"

"अक्षता, सर."

"पाण्यात?"

"काचेवर, सर. बाहेरून. पूजेची."

"तुमच्या गणिताने तो कुठे येतो?"

मी घाबरत आकडेमोड केली. उत्तर आलं: काचेची बाहेरची बाजू. वेग शून्य.

परीक्षकांनी आकडे पुन्हा तपासले. "खोली बरोबर येते याचा दुसरा काही पुरावा होता तुमच्याकडे?"

"नव्हता, सर."

"मग हाच लिहा."

संध्याकाळी आबांना सांगितलं, पास झालो.

"आन मशीन?"

"ते बरोबर मोजतं."

"मंग! पूजा करेल व्हती ना," आबा म्हणाले आणि पाळीवर गेले.