बिनसोड्याचं वरण

आमच्या घरच्या वरणात डाळ शोधावी लागायची. माय हळद जरा जास्त टाकायची, म्हणजे रंग तरी वरणाचा यावा. घाटंजीकडची आमची जमीन बरड, हातभर खणलं की मुरूम. कपाशीच्या ओळींमध्ये एखादं तास तुरीचं असायचं आणि तेवढी तूर म्हणजे आमचं वर्षाचं वरण. शेंगा भरायच्या वेळेलाच ती तूर मर रोगाने उभ्या उभ्या वाळायची. हिरवं झाड बघता बघता काडी होऊन जायचं. ती कपाशीची वाईट वर्षं होती. बोंडअळीबद्दल लोक बोलत होते, पेपरवाले येऊन लिहून जात होते. तुरीबद्दल कोणी विचारत नव्हतं. आमचं ताट मात्र तुरीमुळे रिकामं होतं.

अशा घरातून मी कॉलेजात गेले. आमच्या घरात आणि आमच्या पुऱ्या आळीत पदवी घेतलेली पहिली मी. नावापुढे बी. एस्सी. ॲग्री अजूनही लिहिते. कोणाला खटकत असेल तर खटको.

पदवीनंतर कडधान्याच्या एका संशोधन केंद्रावर मला सहायक म्हणून घेतलं. तिथे तुरीचे नवे वाण तयार करायचं काम रजिया मॅडमकडे होतं. पहिल्या दिवशी मी त्यांना भेटायला ऑफिसात गेले तर त्या वावरात होत्या. सलवार-कमीजवर पुरुषांचा जुना शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात रंगीत दोऱ्यांचा गुंता, आणि अंबाड्यात खोचलेला स्टीलचा चिमटा. केसांत पिन खोचावी तसा. नमस्कार-चमत्कार काही नाही. चिमटा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "कळी खोल."

तुरीचा संकर म्हणजे हेच काम. उमलायच्या आधीची कळी अलगद खोलायची, आतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे आणि खुणेला दोरा बांधायचा. त्या दिवशी माझ्या हातून एकही कळी धड राहिली नाही. मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"हळू व पोरी. तुह्या मायनं तुले अशी आंघोळ घातली असती तं तुले कान राह्यले नसते."

मॅडम आर्णीच्या. त्यांचे अब्बा ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. घरात हिंदी आणि बाहेर वऱ्हाडी, त्यामुळे दोन्हींची खिचडी बोलायच्या. मोठ्या साहेबांसमोर शुद्ध मराठी यायची त्यांना, पण मॅडम ती परिषदांपुरती जपून ठेवत.

केंद्रावर एक मरीचं वावर होतं. तिथे मर रोग मुद्दाम पोसलेला. मेलेल्या झाडांची खोडं पुन्हा त्याच मातीत गाडायची, म्हणजे रोग टिकून राहतो. दरवर्षी नवं बियाणं त्यात पेरायचं आणि कोण वाचतं ते पाहायचं. मला सुरुवातीला ते वावर बघवत नसे. आमच्याच शेतासारखं दिसायचं. मॅडम मात्र मेलेल्या ओळींमधून आरामात चालत. "यायचं काय रडतं? जे उभे हायेत त्यायच्याजवळ चाल."

एका वर्षी ऐन फुलोऱ्याच्या आधी पावसाने लांब दांडी मारली. शेत सांभाळणारे राऊतकाका कासावीस झाले. "मॅडम, झाडं मरून राह्यली. एक पाणी देतो, कोणाले समजणार हाय?"

"मले समजन ना."

"अवो, इतक्या वर्षांची मेहनत हाय तुमची."

"काका, घाटंजीच्या बरडावर कोणती पाण्याची नळी हाय? कोरडवाहूचा वाण कराले निघालो अन् झाडायले लाड करून राह्यलो. जगन ते जगन."

राऊतकाका गेले. मॅडमचा काही त्यांच्यावर भरवसा बसला नाही. दुपारी विहिरीवर जाऊन त्यांनी पाणी उपसायच्या इंजिनाचं नोझल खोललं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. मेकॅनिकचीच पोरगी. दुसऱ्या दिवशी राऊतकाका इंजिनाचं हँडल मारून मारून घामाघूम झाले आणि मॅडम बांधावर बसून हिरव्या शेंगा सोलत होत्या. "काहून काका, आज कसरत?" पर्सला डिझेलचा वास लागला तो शेवटपर्यंत गेला नाही.

त्या वर्षी जे वाचलं त्यातून दोन वाण पुढे आले, एकाच संकरातल्या दोघी बहिणी. एकीला आम्ही बत्तीस नंबर म्हणायचो, दुसरीला एकोणीस. मरीच्या वावरात दोघी उभ्या राहिल्या. पण बत्तीस शेंगांनी लदबदायची. एकोणीस तिच्यापुढे जरा हलकी. त्यामुळे सगळ्या चाचण्या बत्तीसच्या पुऱ्या झाल्या होत्या, एकोणीसच्या राहिल्या होत्या. चाचण्या संपेपर्यंत मॅडमच्या नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडलं. बत्तीस प्रसारित करायचा प्रस्ताव वर गेला की त्यांच्या हातचा एक वाण शेतकऱ्यापर्यंत पोचणार होता. उभी हयात तुरीत गेली, पण तोवर त्यांचा स्वतःचा एकही वाण बाहेर आला नव्हता. त्या बोलायच्या नाहीत, पण आम्हाला ते माहीत होतं.

प्रस्तावाआधी मॅडम मला म्हणाल्या, "तुह्या गावची विहीर जड पाण्याची हाय म्हनते ना? साबनाले फेस येत नाही?"

"हो."

"मंग चाल. मायले सांगजो, वरण खाले येतो."

डाळ केंद्रावरही शिजवून झाली होती, पण गोड्या पाण्यात आणि कुकरमध्ये. जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून मॅडमना ती परीक्षा पुरेशी वाटत नव्हती. मी दोन्ही वाणांची तूर आधीच घरी पोचवली. मायने ती भिजवली, वाळवली आणि जात्यावर भरडली. मॅडम आल्या त्या दिवशी चुलीवर डाळीचे दोन गंज चढले. तासाभरात दोन्ही वरणं ताटात आली, पिवळीधमक, घोटलेली, डाळ शोधावी न लागणारी. बाबांनी तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

मॅडमनी बत्तीसचा एक घास घेतला, जिभेवर फिरवला आणि मायकडे पाहिलं.

"बाई, सोडा कितीक टाकला?"

"कोन? मी? नाही बाप्पा."

"बाई."

मायने पदर सावरला. "चिमूटभर टाकला. आता पाहुनी इतक्या दुरून येईन अन् तिच्यापुढं दातात येनारी डाळ ठेवू काय मी? लाज हाय ना मले काही."

"दोन्हीत?"

"नाही, ह्याच्यातच. ते दुसरी तं आपसूकच शिजली."

मॅडम पोट धरून हसल्या. मायही हसली. मग मॅडमनी स्वतः चूल फुंकली आणि बत्तीस पुन्हा चढवली, बिनसोड्याची. दुपार टळून गेली तरी पाणी वेगळं आणि डाळ वेगळी. रवीखाली कणी फिरत होती. मॅडमनी गंज खाली उतरवला. आता त्या हसत नव्हत्या.

परतीच्या एसटीत मी भांडले. म्हटलं, "मॅडम, बत्तीस पिकते कितीतरी जास्त. शहरात सगळ्यांकडे कुकर आहेत. प्रस्ताव जाऊ द्या. एकोणीस पुरी व्हायला तुम्ही नोकरीत नसाल."

त्यांनी खिडकीबाहेरच बघत उत्तर दिलं. "तुही माय घरी शिजत नाही म्हनून ते तूर इकून टाकन, अन् घरात पुन्हा वरनाचं पानीच प्याल तुम्ही. मंग मी कोनासाठी केलं हे?"

प्रस्ताव त्यांनी थांबवला. साहेबांनी समजावलं, सहकाऱ्यांनी टोमणे मारले, "आता सायंटिस्ट चुलीजवळ बसतात वाटतं." मॅडम म्हणाल्या, "बसतो ना. तुम्ही जेवता कुठं?" उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. जाताना अंबाड्यातला चिमटा काढून माझ्या हातात ठेवला.

एकोणीसच्या राहिलेल्या चाचण्या मी केल्या. मॅडम दर फुलोऱ्याला आर्णीहून एसटीने यायच्या, मरीच्या वावरात चक्कर मारायच्या आणि माझ्या कळ्यांना नावं ठेवायच्या. वाण प्रसारित झाला तेव्हा मंचावर आम्ही नोकरीतली माणसं होतो. मॅडम खाली, बायकांमध्ये, माझ्या मायशेजारी बसल्या होत्या. माय त्यांना सोड्यावरून चिडवत असावी, कारण दोघींचे खांदे हलत होते.

मॅडमना जाऊन आता काही वर्षं झाली. चिमटा माझ्याकडे आहे. त्याने आता माझ्या हाताखालची पोरं कळ्या तोडतात आणि मी त्यांना मॅडमचंच बोलणं ऐकवते.

आमच्या बरडावर तूर आता शेंगा भरेपर्यंत उभी राहते. आमच्या विहिरीच्या पाण्यात, चुलीवर, बिनसोड्याची शिजते. माय वरण घट्ट करते.