शिवी, स्तोत्र आणि एक शब्द

"आत होतं तेच बाहेर पडलं, मम्मी. उगाच रडू नको."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी थेरपी रूममध्ये चित्रांची कार्डं गोळा करत होते आणि आशिष बाहेर पॅसेजमध्ये आईशी बोलत होता. आमच्या रूमचं दार नीट लागत नाही.

खुर्चीवर त्याचे वडील बसले होते, साळवे काका. मी त्यांना कपाचं चित्र दाखवलं होतं. काकांनी बराच वेळ ओठ हलवले आणि कपाऐवजी एक शिवी बाहेर आली. आईवरची. स्पष्ट, खणखणीत. स्ट्रोकनंतर त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला पूर्ण शब्द. सुलोचना मावशी, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मागोमाग आशिष गेला. काका डाव्या हाताने स्वतःचं तोंड झाकून बसून राहिले. उजवा हात चालत नव्हता.

मी नाशिकला, इंदिरानगरमधल्या एका रिहॅब सेंटरमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं, मी तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते. तेही करते. पण निम्मे पेशंट स्ट्रोकचे असतात. मेंदूच्या डाव्या भागाला धक्का बसला की कित्येकांना अफेजिया होतो. म्हणजे समजतं सगळं, काय बोलायचं तेही मनात असतं, पण शब्द सापडत नाही. सापडला तर जिभेवर बसत नाही. काकांचं दोन्ही होतं.

यात एक विचित्र गोष्ट असते. ज्याला 'पाणी' म्हणता येत नाही, तो वारांची नावं सोमवार ते रविवार धडाधड म्हणतो. कुणी आरती म्हणतं, कुणी पाढे. कुणी शिव्या देतं. याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात, आपोआप येणारं बोलणं. आयुष्यभर घोटलेलं असतं, म्हणून विचार न करता येतं. त्यावर पेशंटचा ताबा नसतो.

मी बाहेर जाऊन हे सगळं आशिषला सांगितलं. मला अनोळखी लोकांशी बोलायला जड जातं, पण तांत्रिक गोष्ट असली की जमतं. वाक्यं तयार असतात.

"म्हणजे यांचा दोष नाही," आशिष म्हणाला.

"नाही."

"मॅडम, तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. ही शिवी ऐकतच मी मोठा झालो. सकाळी डबा घेताना हीच, रात्री ताट आपटताना हीच. मम्मी फोनवर सांगायची, पप्पा बदलले, आता देवाचं वाचतात. मी म्हणायचो, बरं."

मावशी बोलल्या त्या पुढच्या वेळी, काकांना फिजिओथेरपीला नेलं होतं तेव्हा.

काका नाशिकरोडला रिक्षा चालवायचे. प्यायचे. मावशी रोज संध्याकाळी मोठ्याने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायच्या, काका टीव्हीचा आवाज वाढवायचे. "मग केबलवाल्यानं कनेक्शन तोडलं," मावशी म्हणाल्या. "दुसरं काय ऐकणार? माझंच ऐकायला लागले." पुढे स्वतः वाचायला लागले, ओळीखाली बोट फिरवत. स्टँडवर नंबर लागेपर्यंत रिक्षात बसून वाचायचे. इतर ड्रायव्हर म्हणायचे, आले पाद्रीबाबा, आज कुणाचं लग्न लावता.

"एका रात्रीत काय झालं नाय, ताई," मावशी म्हणाल्या. "दारू सुटली, परत लागली, परत सुटली. पण तोंड सुधरायला लय वर्षं गेली. शिवी तोंडात आली की गप बसायचे. उठून बाहेर जायचे. अंगणात फेऱ्या मारायचे. मी आतून बघायचे. वाटायचं, हा माणूस स्वतःशीच कुस्ती खेळतोय. मग एके दिवशी ध्यानात आलं, फेऱ्या मारणं बंद झालंय. तोवर पोरगं निघून गेलं होतं."

आशिष वापीला एका कंपनीत होता. घर सोडलं ते वडिलांशी बोलणं बंद करून. आता स्ट्रोक झाला म्हणून रजा काढून आला होता. रजा संपली की जाणार होता. आणि वडिलांच्या तोंडून त्याने ऐकलं काय, तर तीच शिवी.

त्या दिवशी सेशन संपताना मावशींनी मेंढपाळाचं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', सुरू केलं. पहिले दोन शब्द त्यांचे. तिसऱ्यापासून काका. कप म्हणता न येणारा माणूस अख्खं स्तोत्र म्हणून गेला, अडखळला नाही. मावशींचा चेहरा उजळला.

"बघ, आशिष," त्या म्हणाल्या.

आशिष माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट हळू झाला होता. "मॅडम, हे काय आहे? तुमच्या भाषेत?"

"ऑटोमॅटिक स्पीच," मी म्हणाले.

"म्हणजे शिवीसारखंच."

"हो."

"मग शिवी त्यांची नाही, तर स्तोत्रही त्यांचं नाही. बरोबर?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी जे शिकले ते खरंच होतं, म्हणून मी मान हलवली. खरं बोलून इतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल.

निघताना मावशींनी नेहमीसारखी छोटी प्रार्थना केली. प्रत्येक सेशननंतर त्या करायच्या. काका डोळे मिटायचे, मावशी बोलायच्या आणि संपताना मला विचारायच्या, "ताई, तुमच्यासाठी काय मागू?"

"काही नाही मावशी, थँक्यू," मी म्हणायचे आणि कार्डं लावायला घ्यायचे.

मी ख्रिस्ती घरातलीच आहे. मावशींना ते माहीत नव्हतं, सेंटरमध्येही फारसं कुणाला माहीत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकले, रविवारी इंग्रजी उपासनेला जाते. वचनं मला पाठ आहेत, संडे स्कूलमध्ये त्यासाठी बक्षिसंही मिळाली. पण ती पाठांतरासारखीच राहिली. एखाद्या वचनाने मला उठवून अंगणात फेऱ्या मारायला लावल्या, असं कधी झालं नाही. माझ्याकडे सोडण्यासारखी दारू नव्हती, शिवी नव्हती. कुस्ती खेळायला कुणी आलंच नाही. संध्याकाळी सेंटरमधून घरी चालत जाताना मला सारखी ती रिक्षा दिसायची, मागच्या सीटवर कुणी नाही आणि पुढे ओळीखाली फिरणारं बोट. तसं बोट आपलं कधी फिरेल, असं वाटायचं. आणि आपल्या मेंदूला असा धक्का बसला तर आपल्या तोंडून काय येईल, असंही. वार येतील. ए टू झेड येईल.

पुढच्या सेशनला काका अस्वस्थ होते. सारखे आशिषकडे बोट दाखवत होते, मग स्वतःच्या छातीकडे, मग तोंडाकडे. त्यांना त्याला काहीतरी सांगायचं होतं. अशा वेळी आम्ही हो-नाहीचे प्रश्न विचारत शब्दापर्यंत जातो.

"घरी थांब, असं म्हणायचंय?" मान हलली, नाही.

"पैसे? औषध?" नाही, नाही.

मावशी हळूच म्हणाल्या, "माफ कर म्हणायचंय का त्याला?"

काकांनी मान अर्धवट हलवली. हो आणि नाही यांच्या मधली. मला वाटलं, सापडला. शब्दही सोपा होता. 'म' हा आमच्या कामात सगळ्यात सोपा आवाज. ओठ मिटायचे, बस. बाळं पहिल्यांदा तोच काढतात. मी आरसा समोर धरला. "काका, माझ्याकडे बघा. मा…"

काकांनी डावा हात टेबलावर आपटला. आरसा पडला.

"तो शब्द नको त्यांना," मावशी म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "रात्री पिऊन धिंगाणा केला की सकाळी 'माफ कर' म्हणायचे. दर वेळी. आमच्या घरात त्या शब्दाला कुत्रं विचारत नाय, ताई. आशिष लहान असताना तर नक्कल करायचा त्यांची."

आशिष खिडकीबाहेर बघत होता.

काकांनी हात लांब करून मावशींच्या पिशवीवर ठेवला. त्यात शास्त्र असायचं. मग परत तोंडाकडे बोट. मला वेळ लागला. काकांना शास्त्रातला शब्द हवा होता, ते मावशींना लगेच कळलं.

"क्षमा?" त्या म्हणाल्या.

काकांचे डोळे भरून आले. मान हलली. हो.

तेवढ्यात आशिष फोन घेऊन बाहेर गेला. काय ठरलं ते त्याने ऐकलं नाही, आणि पुढच्या सेशन्सना तो आला नाही.

संध्याकाळी मी दातार मॅडमना सांगितलं. त्या आमच्या सीनियर.

"क्षमा?" त्या म्हणाल्या. "क्ष? वेडी आहेस का तू? जिभेचा मागचा भाग उचला, लगेच पुढे आणा, मग ओठ मिटा. या स्टेजला कुणी देतं का असा टार्गेट वर्ड?"

"त्यांनीच निवडलाय, मॅडम."

"आपण फंक्शनल शब्द आधी घेतो. पाणी, शी, दुखतंय. रोज लागणारे. तो रोज लागतो का?"

लागतो, असं मनात आलं. "पाणी पण करते," एवढंच म्हणाले.

पाणी जमलं. क्षमा जमेना. 'श' यायचा, 'ख' यायचा, कधी नुसता घाम यायचा. घसरले की मध्येच शिवी यायची. शिवी आली की काका तोंड झाकायचे, आणि हात काढून परत सुरुवात करायचे. मी पुष्कळ पेशंट पाहिलेत. शिवी आल्यावर काही जण हसतात, काही जण चिडतात, बहुतेकांना पत्ताही नसतो. इतक्या वेळा तोंड झाकून इतक्या वेळा परत उघडणारा माणूस मी पाहिला नव्हता.

एकदा सेशन संपवून मावशी म्हणाल्या, "चला, बाहेर रिक्षा बघते."

"रिक्षा," काका म्हणाले.

मी उठत होते, ती खाली बसले. 'रिक्षा' शब्द त्यांच्या तोंडात आयुष्यभर घोटलेला होता, आपोआप आला. आणि त्यात माझा 'क्ष' होता. आपोआप येणाऱ्या शब्दातला तुकडा उचलून मुद्दाम बोलायच्या शब्दाला जोडायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. मला ती आधीच सुचायला हवी होती.

"काका, रिक्षा. परत. रिक्षा. आता रि मनात, तोंडाने नुसतं क्षा."

त्या आठवड्यात आमच्या रूममधून इतक्या वेळा 'रिक्षा, रिक्षा' ऐकू आलं की दातार मॅडमनी दारात येऊन विचारलं, "कुठे निघालात?" काका हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आशिष जायच्या दिवशी आई-वडिलांना सोडायला सेंटरवर आला. खांद्यावर बॅग होती. वापीची बस पकडायची होती. "निघतो, मॅडम. काही लागलं तर फोन करा," म्हणाला. वडिलांकडे बघून म्हणाला, "येतो."

काकांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. तोंड उघडलं, आणि शिवी बाहेर आली.

आशिष थोडा हसला. "झालं? जाऊ आता?"

काकांना तोंड झाकायचं होतं. पण त्यासाठी मनगट सोडावं लागलं असतं. त्यांनी सोडलं नाही. मान खाली घातली, श्वास घेतला. "रिक्षा," म्हणाले.

"आणतो रिक्षा, पप्पा. सोडा तरी."

"रिक्षा. क्षा." लाळ ओघळली. मावशी पुढे झाल्या, मी त्यांना हाताने थांबवलं. थेरपिस्टला कळायला हवं, कधी मदत करायची नाही ते. "क्ष… क्ष… मा."

आशिष हलला नाही.

"क्षमा," काका म्हणाले. या वेळी सलग. वर बघून, त्याच्या डोळ्यांत बघून.

मग आशिषने मलाच विचारलं, थोडं रागानेच. "हे तुम्ही शिकवलंत ना?"

माझ्याजवळ तयार वाक्य नव्हतं. "मी 'माफ' शिकवत होते," मी म्हणाले. "ते सोपं आहे. ते त्यांना नको होतं."

त्याने बॅग खाली ठेवली. खिशातून रुमाल काढला आणि वडिलांची हनुवटी पुसली. लहान मुलाची पुसतात तशी नाही, जरा घाईने, अवघडून. मग स्टूल ओढून बसला.

"मम्मी, नंतरची बस किती वाजता असते गं?"

याच्यापुढे फार काही घडलं नाही. तो त्या दिवशी उशिरा गेला. आता महिन्यातून एकदा येतो, असं मावशी सांगतात. काकांना थोडेच शब्द आलेत, आणि शिवी अजून अधूनमधून येते. ती जाईल असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. दातार मॅडमनी फाइलवर सही करताना विचारलं, "तो क्ष तू कसा काढलास?" मी रिक्षाचं सांगितलं. त्यांनी ते पुढच्या ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये घातलं. मी आता नव्या मुलींना एवढंच सांगते, पेशंटच्या तोंडून आपोआप काय येतं यावरून माणूस जोखू नका. तो कशासाठी घाम गाळतो ते बघा आणि टार्गेट वर्ड त्याला निवडू द्या.

त्या दिवशी आशिष खरंच रिक्षा आणायला गेला, तेव्हा मावशींनी नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली. काकांनी डोळे मिटले. माझ्या हातात कार्डं होती, पाणी, कप, चमचा. मी ती लावली नाही, तशीच धरून बसले. मावशी थांबल्या आणि सवयीने विचारून गेल्या, उत्तराची वाट न बघताच, "ताई, तुमच्यासाठी काय मागू?"

"रिक्षात वाचताना काकांना मिळालं ना, मावशी," मी म्हणाले, "ते मलापण मागा."