बिघडलेल्या जॉबची शिकवणी

मी चौथी पास. पाचवीत दोन महिने बसलो होतो, पण ते मोजण्यात अर्थ नाही. बाकीचं शिक्षण लेथवर झालं आणि तेवढं मला आयुष्यभर पुरलं. सांगलीकडून तरुणपणी मद्रासजवळच्या अंबत्तूरला आलो, लहान लहान कारखान्यांत टर्नर म्हणून लोखंड कापत राहिलो, आणि परत जायचं राहून गेलं. आता तमिळ बोलतो ते सांगलीच्या हेलात, आणि मराठी बोललो की गावाकडचे नातेवाईक हसतात. हसू देत.

अशा माणसाला वर्गावर उभं करायची कल्पना आमच्या गल्लीतल्या मॅडमची. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली मुलगी, एका खासगी ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवते. एका सकाळी दारात उभी. "काका, आमचे लेथचे मास्तर सोडून गेले. मुलं नुसती बसून आहेत. तुम्ही याल का?"

"मला फळ्यावर लिहिता येत नाही नीट."

"लिहायला मी आहे की. तुम्ही फक्त शिकवा."

तिथले प्रिन्सिपल माझ्या निम्म्या वयाचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पंधरा दिवस बघू. मुलं रमली नाहीत तर आपण व्हिडिओचे धडे लावू, तयारच मिळतात." हे ऐकून माझं डोकं सटकलं. म्हटलं, "पंधराव्या दिवशी तुम्ही स्वतः वर्गात या. एक जरी मूल पेंगताना दिसलं तर मीच घरी जातो." बोलून गेलो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "नातवंडांना एक गोष्ट सांगताना तुम्हीच आधी झोपता."

पहिल्या दिवशी मी सगळ्यांचे मोबाईल प्लास्टिकच्या बादलीत गोळा केले आणि तासभर बोललो. कापायचं टूल मशीनवर कसं बांधावं, कसं बांधू नये, आमच्या वेळी काय काय होतं. पहिल्या बाकावरचा एकजण इतका सरळ बसून झोपला होता की मला त्याचं कौतुक वाटलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तात्ता सुरूच आहेत." तात्ता म्हणजे आजोबा. तोंडावर मला 'सार' म्हणत, पाठीमागे तात्ता. दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही.

चौथ्या दिवशी तास संपल्यावर मॅडमनं विचारलं, "काका, तुमच्या उस्तादांनी तुम्हाला असंच बोलून शिकवलं होतं का?"

"तो कुठला बोलतोय! तो बिघडलेला जॉब हातात द्यायचा आणि म्हणायचा, काय झालं ते सांग, मग चहा पी."

"मग?" एवढंच म्हणून ती पोरगी निघून गेली. रात्रभर मला तिचा राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

माझ्या पलंगाखाली एक पत्र्याचा डबा आहे. आमच्या उस्तादाची शिस्त होती, की बिघडलेला जॉब, म्हणजे लेथवर कापताना वाया गेलेला तुकडा, कारण कळल्याशिवाय भंगारात टाकायचा नाही. मला ती सवय जडली आणि डबा भरत गेला. त्यात माझ्या हातून बिघडलेलेही बरेच आहेत, पण त्यांच्यावर नाव थोडंच लिहिलंय? डबा उघडला. एक जाडजूड पोलादी कडं तेवढं बाजूला ठेवलं. ते न्यायचं नव्हतं. बाकीचं पिशवीत भरलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाकावर एकेक तुकडा ठेवला. "हा फेकून दिलेला माल आहे. का फेकला ते सांगा. जो सांगेल त्याला चहा." आणि खुर्चीवर गप्प बसलो. गप्प बसणं फार कठीण असतं हो. जिभेवर उत्तर वळवळत असतं.

एन्नोरहून दोन बस बदलून येणारी एक मुलगी होती, कोळीवाड्यातली, आवाज समुद्रावर हाक मारल्यासारखा. ती तुकडा घेऊन आली. "सार, यावर बारीक काहीतरी आहे, दिसत नाही. फोन द्या, फोटो काढून मोठा करते."

"डोळे वापर."

"तुमच्या डोळ्यांना चष्मा आहे, सार. आमचा चष्मा बादलीत आहे."

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण ते मिशीत ठेवलं. बादली पुढे सरकवली. तिनं फोटो मोठा केला आणि वाळूवर लाटांच्या खुणा असतात तशा रेघा दिसल्या. मी चाळीस वर्षं त्या बोटानं ओळखत आलो, डोळ्यांनी इतक्या स्पष्ट कधी पाहिल्या नव्हत्या. "टूल थरथरलं," ती म्हणाली. "फार बाहेर काढून बांधलं असणार." चहा तिला मिळाला.

त्यानंतर वर्गात झोपायला जागा राहिली नाही. एकमेकांच्या हातातले तुकडे ओढून घेत. चूक सापडली की असं ओरडत जणू मॅच जिंकली. रोज सकाळी पहिला प्रश्न, "सार, आज काय बिघडलंय?" पण डबा काही अक्षयपात्र नव्हता. चौदाव्या दिवशी तो संपला. आणि पंधराव्या दिवशी प्रिन्सिपल येणार.

म्हणून ते कडं न्यावं लागलं.

त्या कड्याची गोष्ट अशी, की व्यास नव्वद मिलिमीटर हवा होता आणि भरला केसभर कमी. महागडा जॉब वाया गेला. मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं, मायक्रोमीटर खराब होता. उस्तादालाही तेच सांगितलं, आणि तेच सांगत आलो.

मुलांनी मोजलं. कमी. म्हटलं, "मशीनवर असताना मी मोजलं तेव्हा नव्वद बरोबर होतं. मग कमी कसं झालं?"

कडं हातोहात फिरलं. मग झोपाळू पहिला बाक म्हणाला, "सार, तुमचा मायक्रोमीटर खराब असेल."

बघा, दार आपणहून उघडलं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण तीस जोडी डोळे माझ्याकडे लागले होते, आणि मीच त्यांना रोज सांगत होतो की खरं कारण शोधा.

"नाही," मी म्हटलं. "मायक्रोमीटर चांगला होता."

एन्नोरवाली एकदम उठली. "घरी स्टीलचे टंबलर एकात एक अडकतात, तेव्हा अम्मा बाहेरून गरम पाणी ओतते. बाहेरचा फुगतो आणि सुटतो." मग माझ्याकडे बोट करून, "सार! कापताना ते तापलं होतं, तुम्ही गरम असतानाच मोजलं!"

"हो."

"गार का नाही होऊ दिलं?"

"त्या संध्याकाळी मुलगी बघायला गावी निघायचं होतं. गाडी चुकली असती."

वर्ग बाकं बडवायला लागला. "मुलगी मिळाली का, तात्ता?" पहिल्यांदाच तोंडावर तात्ता म्हणाले.

"मिळाली. माप अजून बरोबर आहे."

मग कुणाचा विश्वास बसेना, की एवढं जाड पोलाद गरम पाण्यानं फुगेल. दोघंजण चहावाल्याकडून उकळतं पाणी घेऊन आले. कडं बुडवलं, चिमट्यानं काढलं, पुसलं, मायक्रोमीटर लावला, आणि सगळे माझ्या टेबलावर ओणवे झाले. "वाढलं! वाढलं!" त्या गोंधळात प्रिन्सिपल कधी आत आले ते कुणालाच कळलं नाही. थोड्या वेळानं कडं निवत ठेवलं होतं, तर त्यांनी ते सहज हातात घेतलं.

"सार, खाली ठेवा!" एन्नोरवाली कडाडली. "तुमच्या हाताची उष्णता जाईल त्यात! गार होईपर्यंत हात लावायचा नाही!"

प्रिन्सिपलनी कडं खाली ठेवलं, चोरी पकडल्यासारखं. मग जागा दिसली तिथे, पहिल्या बाकावर, झोपाळूशेजारी बसले आणि विचारलं, "किती वेळ लागेल?"

"बसा, सार," तो झोपाळू म्हणाला. "घाई केली की जॉब बिघडतो."

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, प्रिन्सिपलसुद्धा नाही.