बडोद्यात बर्फावरचं भांडण

सांगलीहून निघालेली गाडी सुरतेनंतर रिकामी होत गेली आणि भरूचला नर्मदेचा पूल ओलांडताना खिडकीशी मी एकटीच उरले. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, पुलाखाली संथ पसरलेलं पाणी आणि पुढे मैलोन् मैल सपाट जमीन. बडोद्याला मी आजवर पुष्कळदा आले आहे. पण सुलू आजारी पडल्यापासून ही पहिलीच खेप.

सुलू म्हणजे सुलभा. कॉलेजात असताना मनालीजवळच्या स्कीइंगच्या शिबिरात आमची गाठ पडली. मी सांगलीची, ती बडोद्याच्या दांडिया बाजारातली. तोवर दोघींनी बर्फ पाहिला होता तो फक्त रंगीत सरबताच्या गोळ्याचा. शिबिरातून परतलो ते एक न मिटणारं भांडण घेऊन: आजवरच्या स्कीपटूंत सर्वांत श्रेष्ठ कोण? माझं मत स्लालमवालीला, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणं घेत उतरणारीला. सुलूचं डाउनहिलवालीला, म्हणजे डोंगरावरून थेट खाली झेपावणारीला. खेळाडू निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण भांडण तेच राहिलं. हिवाळ्यात टीव्हीवर शर्यती लागल्या की आमचे फोन तासतासभर चालायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर सुलूला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि शब्द हरवले. तिला समजतं सगळं, पण बोलायला गेलं की शब्द सापडत नाही. नावं तर सगळ्यांत आधी गेली. फोनवर अनंतराव, म्हणजे तिचे यजमान, एवढंच सांगायचे, “सारूं आहे, ताई.” (सारूं म्हणजे बरं.) तेवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून निघाले.

स्टेशनवरून रिक्षा केली. “कारेलीबाग,” म्हटलं आणि सोसायटीचं नाव सांगितलं. रिक्षावाल्यानं मला मोठ्या अदबीनं त्याच नावाच्या भलत्याच सोसायटीत नेऊन सोडलं. पहिल्या मजल्यावरचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरले, तर तिथे शिकवणीचा वर्ग भरलेला! साऱ्या वर्गाच्या माना वळल्या. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरांनी विचारलं, “बोलो बेन, कोनुं काम छे?” (कोणाकडे काम आहे?) मी सुलूचं नाव घेताच ते मराठीत आले.

“सुलभाबाईंकडे? मागच्या गल्लीत. मला त्यांनीच भूगोल शिकवला.” मग जरा थांबून म्हणाले, “पण बाई आता बोलत नाहीत ना?”

त्यांनी मला पाणी दिलं आणि खाली येऊन रस्ता दाखवला. मला मात्र ते ‘बोलत नाहीत’ वाटभर टोचत राहिलं.

“आवो आवो, विजयाताई!” अनंतराव दारातच उभे होते. रिफायनरीतून निवृत्त झालेला हा उंच माणूस जरा वाकल्यासारखा वाटला. सुलू गॅलरीत खुर्चीवर बसली होती, केस बारीक कापलेले. मला पाहून तिनं डावा हात पुढे केला आणि म्हणाली, “आली.”

चहाबरोबर लीलो चेवडो आला. (लीलो म्हणजे ओला; बटाटा, डाळ घातलेला हा ओलसर, गोडसर चिवडा बडोद्याचाच खावा.) सुलू आत गेली तसे अनंतराव हळूच म्हणाले, “एक विनंती आहे, ताई. तिच्याशी वाद घालू नका. ती म्हणेल त्याला हो म्हणा. शब्द अडला की रडते हो. मी तर हो-हो करूनच दिवस काढतो.”

मी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून दुसरं काय म्हणणार?

दुपारी टीव्हीवर डाउनहिलची शर्यत लागली. एक मुलगी डोंगर अंगावर घेत खाली आली. सुलूनं मला कोपरानं ढोसलं, डावा हात सपकन खाली नेऊन दाखवला आणि भुवया उडवल्या. “ती... बघ... ती!”

“हो गं,” मी म्हटलं, “तुझंच बरोबर. डाउनहिलवालीच श्रेष्ठ.”

तिचा हात तसाच हवेत राहिला. माझ्याकडे क्षणभर पाहून तिनं टीव्ही बंद केला आणि खोलीत निघून गेली. रात्रीच्या जेवणालाही आली नाही. ओल्या हळदीची भाजी आणि बाजरीचा रोटला मी आणि अनंतरावांनीच खाल्ला.

“थकली असेल,” ते म्हणाले.

पण थकवा नव्हता तो. शिबिरात प्रशिक्षकानं ‘तू आपली मुलांच्या उतारावरून जा’ म्हटलं, तेव्हाही तिनं असंच तोंड फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अनंतरावांनी गाडीनं सावली गावाकडे फेरी काढली. तिला मोकळ्या हवेत बरं वाटतं, म्हणाले. वाटेत एका हातगाडीवर शेवउसळ खाल्ली. ती एवढी तिखट, की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि सुलू कालपासून पहिल्यांदा हसली. शहर मागे पडलं, कारखान्यांची कुंपणं संपली आणि एरंडीची, तंबाखूची शेतं लागली. कालव्याच्या बांधावर गाडी थांबवली. त्या सपाट मुलुखात उतार म्हणावा असा तेवढाच; गवताळ, थेट शेतापर्यंत उतरलेला. सुलू काठी टेकून कडेला उभी राहिली आणि खाली पाहत राहिली. अनंतरावांनी तिचा दंड धरला होता.

मी म्हटलं, “सुलू, काल मी खोटं बोलले. तुझी ती डाउनहिलवाली मला मुळीच श्रेष्ठ वाटत नाही. सरळ खाली काय, दगडसुद्धा येतो.”

“ताई!” अनंतराव ओरडलेच.

सुलूचा चेहरा लालबुंद झाला. ओठ थरथरले. मला वाटलं, आता रडणार.

“खो... खोटी वात!” ती म्हणाली. “साव खोटी!” (म्हणजे साफ खोटं. तिची मराठी रागावली की गुजरातीत शिरते, ते शिबिरापासूनच.) मग काठी उतारावर रोखून एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, “दगड... भीत नाही. ती... भिते. भिते... तरी जाते.”

इतक्या वर्षांत तिनं इतका बिनतोड मुद्दा कधी मांडला नव्हता. पण मी हरणार थोडीच!

“माझी तर प्रत्येक वळणाला भिते. वर खांब चुकवायचे ते वेगळेच.”

“तुझी... का... का...” शब्द अडला. डोळे भरून आले. अनंतराव शब्द पुरवायला पुढे झाले. मी त्यांना खुणेनं थांबवलं. शब्द काही आला नाही. सुलूनं शेवटी काठीनं मातीत नागमोडी रेघ ओढली आणि नाक मुरडून, खांदे उडवत असं काही ठुमकून दाखवलं, की माझी स्लालमवाली लग्नात नाचणारी करवली झाली! आम्ही दोघी पोट धरून हसलो.

बांधावरून शेळ्या घेऊन येणारी एक बाई थबकली. “शुं थयुं? झगडो छे?” (काय झालं, भांडण आहे का?)

अनंतरावांनी तिला समजावलं, की बर्फावरून सर्वांत छान कोण घसरतं, यावरून भांडण आहे. तिनं वर उन्हाकडे पाहिलं, खाली एरंडीकडे पाहिलं. “अहीं?” (इथे?) एवढंच विचारून ती शेळ्यांमागे गेली.

“मला विचाराल तर,” अनंतराव घसा खाकरून म्हणाले, “तो उंचावरून हवेत उडी मारतो ना, तो श्रेष्ठ.”

“नाही!” आम्ही दोघी एकदम म्हणालो. सुलूचं ‘नाही’ माझ्याहून स्पष्ट होतं. तो माणूस एवढा खूश झाला, की परतीच्या वाटेवर मुद्दाम तोच उडीवाला पुन्हा पुन्हा काढत राहिला.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. एका संध्याकाळी शब्द अडल्यावर सुलूनं रिमोट भिरकावला आणि खूप रडली. नावं परत आलीच नाहीत. मग मीही एकही नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. ‘ती उंच’, ‘ती लाल टोपीवाली’, ‘ती पडून उठलेली’ अशांवरच आमचा सारा वाद चालला. म्हणूनच या लेखातही कोणा खेळाडूचं नाव आलेलं नाही.

निघायच्या सकाळी अनंतराव पिशवी उचलताना म्हणाले, “काल मला झापलं तिनं. चहात साखर जास्त म्हणून.” हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

सुलू दारापर्यंत आली. बराच वेळ शब्द जुळवत राहिली. मग दोन बोटं दाखवून म्हणाली, “तुझी... दुसरी.”

आजवर माझ्या स्लालमवालीला तिनं पहिल्या दहांतही बसू दिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी स्वस्थ झोपले. निघताना वाटत होतं, आजाऱ्याला भेटून यायचं. आले ती मैत्रिणीला भेटून. घरी पोचले तर शेजारीण वाटच पाहत होती. “काय म्हणतात तुमच्या सुलभाताई? काही फरक?”

“काही फरक नाही,” मी कुलूप उघडत म्हटलं, “होती तशीच हट्टी आहे.”